एमन्सच्या मांडणीत ई-नाइन पेडल स्टील : कामाच्या नोंदी

काम असे आहे. दहा तारांची, एका मानेची, 1970च्या दशकातली अमेरिकन बनावटीची पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून तारांवर बार सरकवत वाजवायची आणि पेडल-लिव्हरने तारांचे सूर बदलायची गिटार. ई-नाइन ही तिच्या तारांच्या सुरांची मांडणी. तिला तीन पेडल होते आणि गुडघ्याने ढकलायचा लिव्हर एकच. तिच्यावर एकूण चार लिव्हर बसवायचे, यंत्रणा साफ करायची, आणि पेडल स्टील वादक बडी एमन्सने 1960च्या आसपास कंट्री संगीतात जे वाजवले ते वाजवता येईल इतकी ती नेमकी लावायची. यंत्रणा ऑल-पुल आहे, म्हणजे सूर चढवायचा असो की उतरवायचा, रॉड ओढूनच होतो. एमन्सच्या कंपनीची पुश-पुल यंत्रणा वेगळी चालते. ती ज्यांच्याकडे आहे त्यांनी इथली चेंजरची (तारांचे सूर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या भागाची) माहिती जशीच्या तशी लावू नये.

12 जानेवारी 2025 : खोलण्याआधी

गिटार उलटी करून खालच्या बाजूचे फोटो घेतले. मग प्रत्येक रॉडसाठी तीन गोष्टी कागदावर लिहिल्या : कोणती तार, बेलक्रँकचे (पेडल किंवा लिव्हरच्या शाफ्टवरच्या, रॉड ओढणाऱ्या दांडीचे) कितवे भोक, चेंजरचे कितवे भोक. हा कागद नसेल तर पुढे काहीही जुळत नाही. फोटोत भोके एकमेकांआड जातात, त्यामुळे नुसत्या फोटोंवर विसंबू नये.

जे सापडले ते असे. चेंजरमध्ये जुने ग्रीस वाळून डिंकासारखे झालेले. नटाच्या (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात त्या भागाच्या) दहा रोलरपैकी चार फिरत नव्हते. तीन नायलॉन ट्यूनरांचे (रॉडच्या टोकाला चढ-उतार नेमका लावायचे) आटे गेलेले. पेडलांचे रॅक सरळ, लाकूड शाबूत, खुंट्या ठीक. सगळे स्क्रू इंचाच्या मापाचे. मिलिमीटरची ॲलन की जवळपास बसते आणि डोके गोल करून टाकते. इंचाचा संच घेतला, 12 डॉलर.

19 जानेवारी : पेडलांचा क्रम ठरवला

पिच-चेंज पेडलाचा आवाज कंट्री संगीतात रुजला तो वादक बड आयझॅक्समुळे. गायक वेब पियर्सच्या 1954 साली गाजलेल्या 'स्लोली' या गाण्यात त्याने तारा वाजत असतानाच पेडल दाबला आणि सूर चढताना ऐकू आला. त्या पेडलावर दोन बदल एकत्र होते : बी चढून सी शार्प, जी शार्प चढून ए. एमन्सने हे दोन बदल दोन पेडलांवर वाटून घेतले. आज ए पेडल आणि बी पेडल म्हणतात ते हेच. वाटणीमुळे दोन्ही दाबले की ए मेजर, नुसता ए दाबला की सी शार्प मायनर, नुसता बी दाबला की चौथ्या स्वरावर टांगलेला ई. एकातून दुसऱ्यात सरकताना घोट्याची जी हालचाल होते, तिच्यातून या शैलीतली निम्मी वाक्ये तयार होतात.

एमन्सच्या क्रमात डावीकडून ए, बी, सी. जिमी डे या दुसऱ्या वादकाच्या क्रमात उलट. कोणताही घ्यावा, पण गुडघ्याचे लिव्हर त्याच्याशी जुळवूनच. एमन्स क्रमात डावा गुडघा डावीकडे नेला की ई चढून एफ होतो आणि उजवीकडे नेला की ई उतरून डी शार्प होतो. डे क्रमात हे दोन्ही उलट हवेत, कारण ए पेडल आणि एफ लिव्हर सतत एकत्र लागतात आणि पाऊल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला गुडघा सहज जातो. आमच्या गिटारवरचा एकमेव लिव्हर डे पद्धतीचा होता आणि पेडल एमन्स क्रमाचे. आधीच्या कोणी तरी अर्धवट बदल केला असावा. तो लिव्हर काढला.

तारा, वाजवणाऱ्यापासून लांबची पहिली :

1 एफ शार्प 0.013 इंच, 2 डी शार्प 0.015, 3 जी शार्प 0.011, 4 ई 0.014, 5 बी 0.017, 6 जी शार्प 0.020, 7 एफ शार्प 0.026, 8 ई 0.030, 9 डी 0.034, 10 बी 0.036. सातवीपासून पुढच्या गुंडाळलेल्या.

पहिली आणि दुसरी तार तिसरीपेक्षा खालच्या सुरात आहे, ही चूक नव्हे. या दोन तारा एमन्सने 1962च्या सुमारास जोडल्या. त्यांचा उपयोग मार्चच्या नोंदीत आहे.

26 जानेवारी : चेंजर

चेंजर बाहेर काढताना रिटर्न स्प्रिंगा उडतात. खाली पांढरी चादर अंथरली. फिंगर (चेंजरमधले, एकेका तारेचे हलणारे तुकडे) काढतानाच दोरीत ओवून क्रमाने ठेवले, कारण इतक्या वर्षांत प्रत्येक फिंगर आपापल्या जागी घासून बसलेला असतो.

ग्रीस नॅफ्थाने धुतले. पुन्हा ग्रीस लावले नाही. धूळ धरून वर्षभरात तीच अवस्था होते. आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, तोही पुसून. रोलर सुटे करून त्यांची भोके कापसाच्या काडीने साफ केली.

तिसऱ्या तारेच्या फिंगरच्या माथ्यावर बारीक खाच पडली होती. 1000 आणि नंतर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने, तारेच्याच दिशेने घासून ती काढली. आडवे घासल्यास नव्या खाचा पडतात आणि तार तिथेच तुटते.

9 फेब्रुवारी : बी पेडल जुळेना

सर्वात जास्त वेळ इथे गेला. बी पेडल तिसरी आणि सहावी, दोन्ही जी शार्प तारा एका अर्धस्वराने चढवतो. पेडल दाबला की सहावी ताबडतोब ए वर पोचायची, तिसरी मागाहून. दोन्ही एकत्र छेडल्या तर मधल्या काळात कर्कश्श बेसूर.

कारण तारांच्या गणितात आहे. साध्या तारेचा सूर ठराविक अंतराने चढवायला ती किती ताणावी लागते हे तिच्या जाडीवर अवलंबून नसते. ते सुराच्या उंचीवर अवलंबून असते, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. तिसरी सहावीच्या एक सप्तक वर आहे, म्हणून तिला चौपट ओढ लागते. सहावीला गुंडाळलेली 0.022 लावली तर तिची ओढ वाढते आणि फरक कमी होतो. पुष्कळ वादक त्यासाठीच ती वापरतात. आम्ही साधीच ठेवली.

उपाय भोकांच्या निवडीत. बेलक्रँकवर शाफ्टपासून लांबचे भोक घेतले की रॉड जास्त सरकतो. चेंजरवर आसाच्या जवळचे भोक घेतले की तेवढ्याच सरकण्यात फिंगर जास्त फिरतो. म्हणून तिसरीला बेलक्रँकचे लांबचे आणि चेंजरचे जवळचे, सहावीला बरोबर उलट. पेडल थोडा जड झाला. तरीही थोडा फरक उरला, तो सहावीच्या रॉडला जरा जास्त सैलपणा देऊन मिटवला : ती उशिरा निघते आणि दोघी एकदम पोचतात. सैलपणा फार झाला तर चढ दोन पायऱ्यांत ऐकू येतो, म्हणून भोके आधी, सैलपणा शेवटी.

16 फेब्रुवारी : गुडघ्याचे लिव्हर

चार लिव्हरचे सामान (कंस, शाफ्ट, बेलक्रँक, रॉड, नायलॉन ट्यूनर) मिळून 310 डॉलर. जुने सुटे भाग स्वस्त मिळतात, पण त्या काळचे काही ओतीव भाग ठिसूळ मिश्रधातूचे असतात आणि स्क्रू आवळताना तडकतात. नवे ॲल्युमिनियमचे घेतले.

बसवलेली मांडणी : डावा गुडघा डावीकडे, चौथी आणि आठवी ई चढून एफ. डावा उजवीकडे, त्याच दोन तारा उतरून डी शार्प. उजवा डावीकडे, पहिली चढून जी. उजवा उजवीकडे, दुसरी उतरून डी आणि पुढे सी शार्प, सोबत नववी डीवरून सी शार्प.

शेवटच्या लिव्हरमध्ये मधला थांबा पायाला जाणवला पाहिजे. वेगळा थांबा-स्क्रू न बसवता नववीचा रॉड सैल ठेवला, इतका की दुसरी डी वर येते त्याच क्षणी नववीची ओढ सुरू होते. लिव्हर तिथे जड होतो, गुडघ्याला जागा कळते.

एफ लिव्हरने मात्र अडवले. नायलॉन ट्यूनर कितीही आत फिरवला तरी चौथी तार एफच्या खालीच राहायची. फिंगरचा उतरवणारा भाग निरखून पाहिला तर चढवताना तोही हलत होता. त्याला जागेवर धरणारी रिटर्न स्प्रिंग थकलेली. चढीचा वाढलेला ताण तिला ओढून नेत होता आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जात होते. चौथी आणि आठवीला नव्या स्प्रिंगा घातल्या, काम झाले. ज्या तारा चढतातही आणि उतरतातही त्यांच्या स्प्रिंगा आधी तपासाव्यात. फार कडक स्प्रिंग घातली तर उतरवणारा लिव्हर जड होतो, म्हणून चढवताना हलणार नाही इतपतच.

23 फेब्रुवारी : सूर लावणे

क्रम : आधी मोकळ्या तारा खुंटीने, मग प्रत्येक चढ-उतार टोकाच्या नायलॉन ट्यूनरने. ट्यूनर आणि फिंगर यांच्यात केसभर सैलपणा राहिलाच पाहिजे. तो संपला की फिंगर मूळ जागी टेकत नाही आणि मोकळी तार वर बोलते. मग माणूस खुंटी खाली करतो आणि सगळे बिघडत जाते.

मीटरवर सगळे शून्यावर लावले तर कॉर्ड खरखरतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार पेटीच्या गांधारापेक्षा साधारण 14 सेंट खाली असतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे त्याला हे काम सोपे जाईल. ई शून्य धरून आमचे आकडे :

बी +2. जी शार्प −14. ए पेडलाने होणारा सी शार्प −16. बी पेडलाने होणारा ए −2. ई उतरून होणारा डी शार्प −12. एफ लिव्हरचा एफ −29. सी पेडल चौथी तार चढवून एफ शार्प करतो, तो −18. त्याच पेडलाने पाचवी सी शार्प, −16.

एफचे −29 पाहून मीटर बिघडला असे वाटते. पण तो एफ सी शार्पचा गांधार आहे आणि सी शार्प आधीच 16 खाली आहे, त्यामुळे हिशेब बरोबर येतो. कानाने लावलात तरी तिथेच पोचाल. बँडसोबत वाजवताना हे सगळे उतरते सूर खाली वाटू नयेत म्हणून ई मीटरपेक्षा 8 ते 10 सेंट वर ठेवायची पद्धत आहे, बाकीचे आकडे त्याच्या मागोमाग सरकतात.

एक तिढा उरतो तो मोकळ्या एफ शार्पचा, म्हणजे पहिल्या आणि सातव्या तारेचा. बीचा पंचम म्हणून तो +4 हवा. ए आणि बी पेडल दाबलेले असताना सी शार्प आणि एशी जुळायला तो −18 हवा. एकाच तारेला दोन्ही शक्य नाही. तूर्त −5 वर ठेवला.

2 मार्च : सूर परत येतात का

ई उतरवून सोडला की मोकळी ई 4 ते 5 सेंट वर राहायची. एफ करून सोडली की तेवढीच खाली. दोष नटाच्या रोलरमध्ये. रोलर अडकला की नट आणि खुंटी यांच्यामधल्या तारेचा ताण बाकीच्या तारेबरोबर बदलत नाही, आणि चूक ज्या दिशेने आलात तिच्यावर ठरते : उतरून आलात तर वर, चढून आलात तर खाली. रोलर साफ केलेले होते, तरी चौथा थोडा तिरपा बसला होता. आस सरळ केल्यावर फरक 1 ते 2 सेंटवर आला.

दुसरी चाचणी : आठवी ई मीटरवर धरून ए आणि बी पेडल एकत्र दाबले. पेडलांना न जोडलेली ती ईसुद्धा 6 सेंट उतरली, कारण ताण वाढला की लाकडी धडच किंचित वाकते. हे पूर्ण जात नाही. बुडाचे सगळे स्क्रू आवळल्यावर 4 राहिले. ई थोडा वर लावण्यामागे हेही एक कारण आहे.

8 मार्च : पिकअप, पेडल, ॲम्प

सिंगल कॉइल पिकअप तारांपासून 3 मिलिमीटरवर. आणखी जवळ नेला तर जाड तारा तिसरी-चौथीला गिळतात. व्हॉल्यूम पेडलचा पॉट 500 किलो-ओहमचा. जुना खरखरत होता, नवा 18 डॉलर. ॲम्प स्वच्छ आवाजाचा हवा. फेंडर ट्विन रिव्हर्ब या वाद्याबरोबर इतकी वर्षे दिसतो तो त्याच्या न फाटणाऱ्या ताकदीसाठी. मिड कमी, ट्रेबल बेताचा, रिव्हर्ब थोडा.

व्हॉल्यूम पेडल शून्यावरून उघडायचा नाही. छेडताना तो मध्यावर असतो, आणि तार विरत जाते तसा हळूहळू पुढे दाबून आवाज धरून ठेवायचा.

15 मार्च : हात

बार 7/8 इंच व्यासाचा, सव्वातीन इंच लांब. अंगठ्याला प्लास्टिकचा पिक, दोन बोटांना धातूचे. घरोघरची हवाईयन गिटार ज्यांनी वाजवली आहे त्यांचा डावा हात तयार असतो, पण त्यांची सवय सगळी मींड बारने घेण्याची असते. इथे बार थांबवून एकाच तारेची मींड पायाने घ्यायची असते आणि शेजारच्या तारा जागेवर राहतात. या शैलीचा जो खास हुंदका आहे तो तिथून येतो. पहिले कित्येक आठवडे बार आणि पाय दोन्ही हलतात आणि आवाज पातळ होतो. बार टेबलावर ठेवून, नुसत्या मोकळ्या तारांवर पेडल आणि लिव्हरचा सराव केल्यावर फरक पडला.

जी मेजर तीन जागी : तिसऱ्या पट्टीवर मोकळा, सहाव्यावर ए पेडल आणि एफ लिव्हर, दहाव्यावर ए आणि बी पेडल. या तीन जागांमधली ये-जा आधी पक्की करावी.

आता पहिल्या-दुसऱ्या तारेचा उपयोग. बार तिसऱ्या पट्टीवर स्थिर ठेवा, षड्ज आठव्या तारेवर. आठवी सा, सातवी रे, सहावी ग, सहावीला बी पेडल म, पाचवी प, पाचवीला ए पेडल ध, दुसरी नि, चौथी वरचा सा, पहिली रे, तिसरी ग, तिसरीला बी पेडल म. बार न हलवता पूर्ण बिलावल आणि वर तीन स्वर. दुसरी तार नसती तर निषादासाठी चौथी लिव्हरने उतरवावी, पहिली नसती तर वरच्या रिषभासाठी ती सी पेडलाने चढवावी, नाही तर बार सरकवावा लागला असता. एमन्सच्या वेगवान पण सुट्या-सुट्या ऐकू येणाऱ्या ताना याच दोन तारांवर उभ्या आहेत, आणि त्याचे एवढे एकच काम उरले असते तरी हे वाद्य त्याच्या नावाने ओळखले गेले असते.

सुटेपणासाठी ब्लॉकिंग लागते : पुढची तार छेडण्याआधी मागची उजव्या तळव्याच्या करंगळीकडच्या कडेने बंद करायची. तळवा उशिरा आला तर सूर एकमेकांत मिसळतात, लवकर आला तर तान तुटक होते. कंप पावणाऱ्या तारेला धातूचा पिक टेकून झणझण येत असेल तर तळवा आधी, पिक नंतर, हा क्रम सुटतो आहे असे समजावे. वेग मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून, वर दिलेले सप्तक याच एका गोष्टीसाठी वाजवावे.

29 मार्च : तिसरी तार, आणि उरलेले काम

तिसरी तार सर्वात आधी तुटते. 24 इंच लांबीवर 0.011ची तार जी शार्पला सुमारे 28 पौंड ताणावर असते आणि बी पेडलाने 31 वर जाते. जाड घेतली म्हणून वाचत नाही : ताण वाढतो त्याच प्रमाणात छेदही वाढतो, धातूवरचा भार तेवढाच राहतो. फिंगरचा माथा गुळगुळीत ठेवणे आणि तार वेळेवर बदलणे, एवढेच हातात आहे. सुट्या 0.011च्या डझनभर तारा आणून ठेवल्या.

एफ शार्पचा तिढा सातव्या तारेपुरता सोडवला. ए पेडलाच्या शाफ्टवर एक जादा बेलक्रँक बसवून सातवीच्या उतरवणाऱ्या भागाला रॉड जोडला : शाफ्टजवळचे भोक, चेंजरचे आसापासून सर्वात लांबचे. तरी सुरुवातीला अर्ध्या स्वराजवळ उतरत होती. रॉडला भरपूर सैलपणा दिला, आता पेडलाच्या अगदी शेवटी ती 22 सेंट उतरते. मोकळी +4, पेडल दाबल्यावर −18. ए पेडलाचे वजन किंचित वाढले, पायाला दोन-तीन बैठकांत सवय होते.

पहिल्या तारेलाही असाच रॉड हवा आहे. त्या शाफ्टवर आता जागा नाही, त्यासाठी पाचवीचा बेलक्रँक 5 मिलिमीटर सरकवावा लागेल आणि ए पेडल पुन्हा पहिल्यापासून लावावा लागेल. पुढच्या वेळी सगळ्या तारा उतरतील तेव्हा ते करायचे. तोवर पहिली −5 वरच.